मध्यरात्री दक्षिणेला हिरवा उजेड: जिंतूर, परभणी, अंबाजोगाई, लातूरकडं कुणी पाहिला का?

आखाड्यावरचा (गुरुवार, सकाळी 7.10)

नमस्कार मंडळी. रात्री जे पाहिलं ते विसरायच्या आत लिहून ठेवतो.

आमचं शेत जिंतूर तालुक्यात आहे. या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट असल्यानं मी गव्हाला दारं धरत होतो. काल येळवस (वेळ अमावास्या) झाली. आमच्याकडं लातूर-उस्मानाबादसारखी ती मोठी नसते, पण अमावास्येचा काळोख तोच. बॅटरी विझवली तर स्वतःचा हात दिसेना.

दार बदलायला वाकलो होतो. तेवढ्यात सरीतलं पाणी चमकलं. आधी वाटलं, बांधावरून कुणाची मोटारसायकल आली. वर पाहिलं तर दक्षिणेला एक गोळा डावीकडून उजवीकडं तिरपा उतरत होता. समोरून पांढरा, कडेनं हिरवट, मागं शेपूट. शेवटाला एकदम भडकला आणि विझला. गव्हाची पानं मोजता यावीत इतका उजेड होता. मी मनात काही मोजलं नाही, पण तीनचार सेकंदांपेक्षा जास्त नसावं. आवाज काहीच आला नाही. मोबाईल काढला तेव्हा 1.42 झाले होते.

वडील आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोपीत, झोपले होते. पत्र्याच्या फटीतून उजेड आला म्हणून तेही उठून बसले. म्हणजे मला भास झाला नाही.

आणखी कुणी पाहिलंय का? हे काय होतं?

गोदाकाठ (गुरुवार, सकाळी 7.48)

दादा, स्टारलिंक असेल. मागं आमच्या गंगाखेडला पण दिसलं होतं, एका ओळीत दिवे चाललेले. सगळं गाव गच्चीवर आलं होतं.

गेवराईकर (गुरुवार, सकाळी 8.05)

ड्रोन तर नाही ना? 2024 च्या जून-जुलैमध्ये आमच्याकडं गेवराई, अंबड भागात रात्री आकाशात दिवे फिरायचे. वाड्या-वस्त्यांवरची माणसं काठ्या घेऊन पाळीनं जागायची. लेकरं घराबाहेर यायला भ्यायची. विधानसभेतसुद्धा विषय निघाला होता. तेव्हापासून वर कुठलाही दिवा दिसला की पोटात गोळा येतो. आखाड्यावर एकटे असाल तर जपा.

ध्रुवाकडे (गुरुवार, सकाळी 9.20)

आखाड्यावरचा, तुम्ही वेळ, दिशा आणि रंग लगेच लिहिलात हे फार मोलाचं आहे. मी परभणीत शाळेत विज्ञान शिकवतो आणि वीसेक वर्षं आकाश पाहतो आहे. या एका नोंदीवरून बरंच काही सांगता येईल.

गोदाकाठ, स्टारलिंकची माळ ओळखायची सोपी खूण आहे. ते उपग्रह साधारण 550 किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांना स्वतःचा दिवा नसतो. सूर्याचं ऊन त्यांच्यावर पडतं म्हणून ते दिसतात. त्यामुळे सूर्य मावळल्यावर तास-दोन तास किंवा उजाडायच्या आधी तेवढाच वेळ ती माळ दिसते. हिवाळ्यात रात्री पावणेदोनला एवढ्या उंचीवरचं सगळं पृथ्वीच्या सावलीत असतं. अंतराळ स्थानकाचंही तसंच. ते 400 किलोमीटरवर आहे, न लुकलुकता पाच-सहा मिनिटं सावकाश जातं आणि सावलीत शिरलं की मध्येच विझतं. या दोघांमुळे शेतात उजेड पडत नाही.

गेवराईकर, तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. तो महिना लोकांनी कसा काढला ते आम्हीही ऐकलं आहे. पण ड्रोनचे दिवे लुकलुकतात, शांत रात्री त्याची घरघर ऐकू येते, आणि तीन सेकंदांत अर्धं आकाश पार करून तो विझत नाही.

मला हा मोठा उल्कापात वाटतो. शुक्राच्या चांदणीपेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि हा तर शुक्राच्या कितीतरी पुढचा दिसतोय.

एक विनंती आहे. आज उजेडात, रात्री जिथं उभे होतात बरोबर तिथंच जा. हात पूर्ण लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. गोळा जिथं विझला ती जागा क्षितिजापासून किती मुठी वर होती आणि खाली कुठलं झाड येतं ते पाहा. मग मोबाईलच्या होकायंत्रावर त्या झाडाची दिशा घ्या. मोटारीजवळ उभे राहू नका, लोखंडानं होकायंत्र चुकतं.

बाकीच्यांनी पाहिलं असेल तर दुसऱ्याचं वाचून आपलं बदलू नका. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं तेच लिहा, जुळो न जुळो.

मांजरेची_लेक (गुरुवार, सकाळी 10.02)

मी लातूर शहराबाहेर राहते. उजेड मी पाहिला नाही, पण आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

रात्री धडाम असा आवाज झाला, लांबवर सुरुंग उडावा तसा, आणि पाठोपाठ गडगड. खिडक्यांची तावदानं वाजली. सासूबाई सगळ्यात आधी उठल्या. त्यांनी धाकट्याला अंथरुणासकट उचललं आणि अंगणात नेलं. पाच मिनिटांत गल्लीतली सगळी घरं रस्त्यावर होती. पहाटेपर्यंत कुणी आत गेलं नाही.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना हे जास्त वाटेल. सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती, आणि पहाटे 3.56 ला भूकंपात सगळं संपलं. दगडमातीच्या जाड भिंती होत्या, त्या माणसांवरच आल्या. त्यांचे दोन भाऊ गेले. तेव्हापासून त्या रात्री दाराला आतून कडी लावू देत नाहीत.

आत्ता व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की आज रात्री मोठा धक्का येणार, घरात झोपू नका. सासूबाईंनी अंथरुणं अंगणात काढून ठेवली आहेत. डिसेंबरची थंडी, घरात सहा महिन्यांचं बाळ. सर, हा भूकंप होता की नाही एवढं मला सांगा.

ध्रुवाकडे (गुरुवार, सकाळी 10.25)

ताई, तीन गोष्टी सांगा. आवाज किती वाजता झाला? पायाखालची जमीन हलली का? घरात कुणी उजेड पाहिला का, निदान खिडकीतून?

हिंगोलीहून (गुरुवार, सकाळी 10.40)

सर उत्तर देतीलच, पण आमचा अनुभव सांगतो. 21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून गेल्यावर आमच्याकडं 4.5 चा धक्का बसला, आणि जुलैत पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा हादरा आधी पायाला कळला. कॉट सरकली, रांजणातलं पाणी हेलकावलं, भिंतीवरचं कॅलेंडर डुललं. आवाज होता पण तो खालून आल्यासारखा, गुरगुरल्यासारखा. ताई, तुमच्याकडं पाणी हललं का ते आठवा.

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं भूकंप (BhooKamp) नावाचं ॲप आहे. मी आत्ताच उघडून पाहिलं. रात्री मराठवाड्यात एकही नोंद नाही.

मांजरेची_लेक (गुरुवार, सकाळी 11.15)

सगळ्यांना विचारून आले.

जमीन हलली असं कुणीच म्हणत नाही. माठ काठोकाठ भरलेला होता, खाली थेंब सांडलेला नाही. तावदानं वाजली ती बाहेरून कुणी ढकलल्यासारखी. शेजारचे काका लघवीला उठले होते. त्यांनी उजेड पाहिला! ते म्हणतात, उत्तरेला तोंड करून उभा होतो, उजवीकडून वरून आला आणि डावीकडं जाऊन फुटला. मी त्यांना मूठ धरायला लावली. विझलेली जागा साडेतीन मुठी भरली, उत्तरेपासून थोडी पश्चिमेकडं.

आणि महत्त्वाचं म्हणजे ते म्हणतात की उजेड गेल्यावर ते आत येऊन पाणी प्यायले, अंथरुणावर टेकले, तेव्हा आवाज आला. म्हणजे दोन-तीन मिनिटं मध्ये गेली.

ध्रुवाकडे (गुरुवार, सकाळी 11.50)

ताई, सासूबाईंना सांगा, हा भूकंप नव्हता. मी हे धीर द्यायला म्हणत नाही, तुमच्याच घरातल्या पुराव्यावरून म्हणतो.

उल्का आवाजाच्या कितीतरी पट वेगानं हवेत शिरते, सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर. समोरची हवा इतक्या वेगानं दाबली जाते की ती तापून पेटल्यासारखी उजळते, आणि त्या दाबाची लाट आवाज होऊन खाली येते. उजेड क्षणात पोचतो. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. तुमच्या काकांना अडीच मिनिटं धरली तर अंतर पन्नासेक किलोमीटर येतं. ती हवेतली लाट तावदानं ढकलते, माठातलं पाणी हलवत नाही. भूकंपात याच्या उलट घडतं.

दुसरं, भूकंप अमुक रात्री येणार असं आज जगात कुणालाही सांगता येत नाही. त्यामुळे असा मेसेज ज्यानं लिहिला त्याला माहीत असणं शक्यच नाही. बाळाला घेऊन थंडीत बाहेर झोपू नका.

उसाची_ट्रॉली (गुरुवार, दुपारी 2.30)

मी लिहीत नाही कधी, पोरगी लिहून देते आहे.

मी अंबाजोगाईजवळ कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर घेऊन नंबरात होतो. पुढं चाळीसेक गाड्या. रात्री पावणेदोनच्या सुमारास पूर्वेकडून उजेड चढत आला तो थेट डोक्यावर. मान मागं टाकून बघायलो होतो. डोक्यावर आल्यावर तीन तुकडे झाले, एक मोठा आणि दोन बारके, मग काहीच नाही. धुराची रेघ मात्र बराच वेळ राहिली, नंतर वाकडी झाली. उसाच्या मोळीची सावली रस्त्यावर पडली होती, चांदण्यात पडते त्याच्याहून गडद.

मी लगेच मागच्या गाडीवाल्याला फोन लावला, पाहिलं का म्हणून. आम्ही बोलत असतानाच आवाज झाला. तोफेसारखा, एकापाठोपाठ दोन. तो म्हणाला टायर फुटलं, आणि फोन ठेवला. पोरीनं फोनमध्ये बघितलं. फोन 1.43 ला लावलेला, बोलणं 1 मिनिट 12 सेकंद.

बैलगाडीवाले होते रांगेत. त्यांचे बैल उजेडाला काही बोलले नाहीत, आवाजाला मात्र दावी तोडायला लागले.

आखाड्यावरचा (गुरुवार, दुपारी 3.05)

मामा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी इथून शंभर किलोमीटरवर तेच पाहत होतो.

सर, मी जागेवर जाऊन आलो. चिखलात माझ्याच पावलांचे ठसे होते, तिथंच उभा राहिलो. विझला ती जागा बांधावरच्या बाभळीच्या शेंड्याच्या जरा उजवीकडं. दीड मूठ, थोडी जास्तच. दिशा 198 अंश. पहिल्यांदा दिसला ती जागा चार मुठी, दक्षिणेच्या थोडी डावीकडं. पण तेव्हा मी वाकलेला होतो, त्याच्या आधी कुठून निघाला ते मला सांगता येणार नाही.

ध्रुवाकडे (गुरुवार, संध्याकाळी 5.40)

शाळा सुटल्यावर नकाशा घेऊन बसलो. मुलांनाही बसवलं.

जिंतूरहून 198 अंशाची रेघ ओढली तर ती खाली अंबाजोगाईवरून जाते. लातूरहून उत्तरेच्या थोडी पश्चिमेकडं ओढलेली रेघही तिथंच येऊन मिळते. आणि मामा म्हणतात, डोक्यावर फुटला. तीन माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि तिघांची बोटं एकाच जागेकडं.

आता उंची. जिंतूर ते अंबाजोगाई सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर. तिथून दीड-पावणेदोन मुठी म्हणजे जवळपास 17 अंश. हिशेब केला तर 30 किलोमीटर उंची येते. लातूरहून अंतर चाळीसच्या वर, 35 अंश, तरी 30 च्या आसपासच. आणि मामांचा फोन! गोळा विझल्यावर फोन काढून लावायला वेळ गेला, त्यात 1 मिनिट 12 सेकंद बोलणं, एकूण दीड मिनिट धरा. म्हणजे 90 सेकंद, 30 किलोमीटर. मुठीनं मोजलेलं आणि कानानं मोजलेलं एकाच आकड्यावर आलं तेव्हा वर्गात पोरं ओरडली. मला स्वतःला दोनदा गणित तपासावं लागलं.

मुठीच्या मापात दोन-तीन अंश इकडंतिकडं होणारच, त्यामुळे उंची 25 ते 35 मध्ये कुठंही असू शकते. तरी साध्या हातांनी एवढं निघतं.

बालाघाट (गुरुवार, संध्याकाळी 6.15)

रॉकेटचा तुकडा का नसेल? 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अख्ख्या विदर्भ-खानदेशानं जळत्या रेघा पाहिल्या होत्या. नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ शेतात मोठी धातूची रिंग सापडली. चिनी रॉकेटचा भाग असं सांगत होते.

ध्रुवाकडे (गुरुवार, संध्याकाळी 6.50)

चांगली शंका आहे. तो दिवस मलाही आठवतो. पण तेव्हा काय दिसलं होतं ते आठवा. एका रांगेत अनेक ठिणग्या, जवळजवळ आडव्या, आणि हाका मारून घरातल्यांना बाहेर बोलावता येईल इतका वेळ. कक्षेतून घसरणारी वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं, जमिनीला जवळपास समांतर येते. लोकांनी मोबाईलवर निवांत चित्रण केलं होतं. कालचा गोळा तीनचार सेकंदांत 80 किलोमीटरच्या वरून 30 वर उतरला. रॉकेटच्या तुकड्याला हे जमत नाही.

दर डिसेंबरात मिथुन राशीकडून येणाऱ्या उल्का म्हणाल, तर त्यांचा भर 13-14 डिसेंबरला असतो आणि पावणेदोनला मिथुन जवळपास डोक्यावर असते. हा आला पूर्वेकडून, सिंह राशीच्या बाजूनं. म्हणजे कुठल्या ठरलेल्या वर्षावातला नाही, एकटा भटका दगड.

गोदाकाठ (गुरुवार, रात्री 8.10)

सर, आमच्याकडं संध्याकाळी पश्चिमेला रोज एक मोठा दिवा दिसतोय, तासभर थांबतो आणि खाली जातो. तोही बघा ना काय आहे.

ध्रुवाकडे (गुरुवार, रात्री 8.20)

रोज त्याच बाजूला, स्थिर, आणि हळूहळू मावळणारा असेल तर तो शुक्र. दुर्बीण असेल तर लावून बघा, छोटी कोर दिसू शकते.

केजचा_चहा (गुरुवार, रात्री 9.35)

माझं केजला रस्त्यावर हॉटेल आहे. हा धागा वाचून कॅमेरा तपासला. आकाश दिसत नाही, पण अंगण दिसतं. 1.46 ला अंगण पांढरं होतं, बोर्डाच्या खांबाची सावली पश्चिमेकडं पडते, ठळक होत जाते, एकदा फार भडक आणि पुन्हा अंधार. पण वेळ तुमच्याशी जुळेना, चार मिनिटांचा फरक आहे.

ध्रुवाकडे (गुरुवार, रात्री 9.50)

दादा, आत्ता मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरा आणि दोन्ही वेळा एका चित्रात घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं असणार. आणि ते चित्रण आजच वेगळं काढून ठेवा, नाहीतर काही दिवसांनी त्याच्यावर दुसरं चढतं. मूळ फाईल ठेवा, मोबाईलनं पडद्याचा काढलेला व्हिडिओ नको.

केजचा_चहा (गुरुवार, रात्री 10.05)

बरोबर आहे. कॅमेरा चार मिनिटं पुढं निघाला. उजेड 4 सेकंद. फाईल पेन ड्राइव्हवर घेतली.

बालाघाट (शुक्रवार, सकाळी 7.30)

आमच्या गावाकडं सकाळपासून पोरं दगड शोधत फिरतायत. एकानं तर दीड किलोचा काळा दगड आणलाय, लाखो रुपये मिळणार म्हणतो. लोकांच्या हरभऱ्यात, ज्वारीत घुसायलेत.

ध्रुवाकडे (शुक्रवार, सकाळी 8.15)

कृपया उभी पिकं तुडवू नका. 30 किलोमीटरवर विझल्यावर काही उरलं असेल तर ते अंधारात, वाऱ्यानं ढकललं जात खाली येतं. फुटला त्याच्या बरोबर खाली ते पडत नाही. आणि कदाचित काहीच उरलं नसेल.

आपली सगळी जमीन काळ्या बेसाल्टची. काळा आणि जड असणं ही इथं खूण होऊच शकत नाही, आणि चुंबक तर आपल्या दगडालाही थोडं चिकटतं. अशनीवर, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडावर, भाजल्यासारखं पातळ काळं कवच असतं, आतून रंग बहुधा फिका. दगड भोकाभोकाचा असेल तर तो आपल्याच डोंगरातला. विदर्भात काटोलला 22 मे 2012 ला भरदुपारी असाच स्फोटाचा आवाज होऊन खरोखर दगड पडले होते, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं येऊन ते गोळा केले. आपल्या देशात अशनी त्यांच्याकडंच जमा होतात. सापडलाच तर धुऊ नका, फोडू नका. जागेचा फोटो घ्या आणि तहसीलला कळवा.

आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अग्निगोलाची नोंद करायचा फॉर्म आहे. ज्यानं पाहिलं त्यानं स्वतः भरायचा, दुसऱ्याच्या वतीनं ऐकीव नको. कुठं उभे होता, सुरुवात, शेवट, किती वेळ, रंग, तुकडे, आवाज, एवढंच विचारतात. छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएमच्या अंतराळ विज्ञान केंद्रालाही मी आपल्या सगळ्या नोंदी आज पाठवतो.

उसाची_ट्रॉली (शुक्रवार, दुपारी 1.10)

पोरीनं फॉर्म भरला. मला रस्त्यावर उभं करून हात वर करायला लावला. पूर्वेकडं पहिल्यांदा दिसला ती जागा साडेपाच मुठी. कारखान्याच्या धुराड्याच्या डाव्या अंगाला. लिहून घ्या.

मांजरेची_लेक (शुक्रवार, दुपारी 3.40)

शेजारच्या काकांचाही फॉर्म भरला, त्यांनी स्वतः सांगितलं तसा.

सर, तुमचं कालचं उत्तर मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवलं. माठाचं ऐकल्यावर त्या स्वतः उठून माठ बघून आल्या. रात्री बाळाला घेऊन आत झोपल्या. कडी मात्र नाहीच लावू दिली, मीही आग्रह केला नाही.

आखाड्यावरचा (शुक्रवार, रात्री 11.20)

माझाही फॉर्म गेला. वडिलांनी फटीतून आलेला उजेड कुठल्या भिंतीवर पडला होता ते दाखवलं, तेही लिहिलं. उत्तरेची भिंत.

आज पुन्हा रात्रीचीच लाईट आहे. खालच्या पट्टीला पाणी लावलंय, पहाटेपर्यंत इथंच आहे. कुणाला काही दिसलं तर वेळेसकट लिहा.